भौतिकशास्त्राच्या उंबरठ्यावरचे गणित

दहावीचा निकाल लागला की भांडगाव आणि परिसरातील पालक आपल्या निवासी शाळेत येतात. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "सर, पोराला सायन्सला घालावं का? झेपंल का त्याला?" या प्रश्नामागे मोठी चिंता असते. ज्या घरात अकरावीची पायरी प्रथमच चढली जात आहे, त्या घराला चुकीच्या निवडीची किंमत परवडत नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तथापि मुले विज्ञान शाखेत जातात कशी आणि तेथून परततात कशी, हे आम्ही अनेक वर्षे जवळून पाहिले आहे. परतणाऱ्यांपैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "फिजिक्स जड गेलं."

खरोखर जड काय गेले, याचा शोध घेतला तर वेगळेच चित्र दिसते. गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, बल म्हणजे काय, हे त्या मुलास ठीक समजलेले असते. तो अडतो तो सातवी, आठवी, नववीच्या गणितात. दशांशचिन्ह हलविताना, घातांकांची वजाबाकी करताना, समीकरणातील एखादे पद दुसऱ्या बाजूस नेताना त्याचा हात थबकतो. वर्गातील फळा मात्र पुढे गेलेला असतो. असे चार आठवडे गेले की मुलगा स्वतःविषयीच निष्कर्ष काढतो : "हे आपलं काम नव्हे."

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. भौतिकशास्त्राच्या आरंभी लागणारे गणित अफाट नाही. ते मोजके आहे, त्याची यादी करता येते, आणि दहावीची परीक्षा व अकरावीचे वर्ग यांच्या मधल्या सुट्टीत त्याची पुन्हा पक्की उजळणी होऊ शकते.

आरंभीचे शास्त्रज्ञ किती गणित वापरीत?

येथे इतिहास आपल्या मदतीस येतो. इटलीच्या गॅलिलिओने गतीविषयीचा आपला ग्रंथ १६३८ साली प्रसिद्ध केला. आज ज्यास कलनशास्त्र म्हणतात ते तेव्हा जन्मास आलेले नव्हते. गॅलिलिओने तिरप्या फळीवरील खोबणीतून गोळी घरंगळत सोडली, भांड्यातून बारीक धारेने पडणाऱ्या पाण्याचे वजन करून काळ मोजला आणि अंतरांची तुलना केली. काळ दुप्पट झाला की अंतर चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट होते, हे त्याच्या ध्यानात आले. काळाच्या समान तुकड्यांत गोळी जी अंतरे कापते ती १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात. त्यांची बेरीज करीत गेल्यास १, ४, ९, १६ येते, म्हणजेच वर्गसंख्या. दहावीतील अंकगणित श्रेढीचे प्रकरण शिकलेल्या कोणत्याही मुलास हे पडताळून पाहता येईल. आधुनिक भौतिकशास्त्राचा एक पाया अशा रीतीने केवळ गुणोत्तराच्या आधारावर रचला गेला.

गुणोत्तर आपल्या मातीला परके नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त त्रैराशिकाचा सविस्तर विचार आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आढळते. त्या मठाचे दार कोणासाठी उघडे होते आणि कोणासाठी बंद, हे या स्मरणिकेच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणात वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचाही आग्रह धरला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत उघडलेले सिद्धार्थ महाविद्यालय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे होते. 'आपल्या मुलांचे डोके गणितात चालत नाही' हे वाक्य आपल्या वस्त्यांत आजही ऐकू येते, ते याच इतिहासाचे उरलेले ओझे आहे. डोके चालत नाही असे नसते. पायऱ्या गाळल्या गेलेल्या असतात. त्या पायऱ्या आता एकेक करून पाहू.

पहिली पायरी : एकके

भौतिकशास्त्रात नुसती संख्या निरर्थक असते. 'उत्तर २०' असे लिहिणाऱ्यास शिक्षक विचारतात, "वीस काय? मीटर, सेकंद की किलो?" शेतकरी कुटुंबातील मुलास ही शिस्त खरे तर घरीच मिळालेली असते. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजू असलेला चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे त्याने बांधावर ऐकलेले असते. हीच सवय त्याने वहीत आणावयाची आहे.

एक रूपांतर तोंडपाठ असलेच पाहिजे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? ७२ किलोमीटर म्हणजे ७२,००० मीटर आणि एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. भागाकार केल्यास २० येते, म्हणून ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. आणखी एका ठिकाणी मुले हमखास फसतात. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर खरे. पण एक चौरस मीटर म्हणजे १०० नव्हे, १०,००० चौरस सेंटिमीटर आणि एक घनमीटर म्हणजे १० लाख घनसेंटिमीटर. लांबीचे रूपांतर क्षेत्रफळात दोनदा आणि घनफळात तीनदा करावे लागते.

एककांकडे दुर्लक्ष करण्याची किंमत केवढी असते, हे अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९९ साली अनुभवले. मंगळाकडे पाठविलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झाले, कारण एका गटाची आकडेमोड पौंडाच्या एककात होती आणि दुसऱ्या गटाने ती न्यूटनमध्ये आहे असे गृहीत धरले होते. गणिताच्या वहीत एकक न लिहिणाऱ्या मुलास ही हकिकत अवश्य सांगावी.

दुसरी पायरी : गुणोत्तर आणि प्रमाण

आठवीच्या गणितात समचलन आणि व्यस्त चलन येते. एक राशी वाढली की दुसरी त्याच पटीत वाढते, ते समचलन. एक वाढली की दुसरी त्या पटीत घटते, ते व्यस्त चलन. ऊसतोडीस मजूर दुप्पट लावले तर दिवस निम्मे लागतात, हे व्यस्त चलन झाले. भौतिकशास्त्रात याच्या जोडीला वर्गाचे प्रमाण येते आणि त्याची सवय मुलांना मुद्दाम लावावी लागते.

आपल्या भागातून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गाचे उदाहरण घेऊ. एका मोटारसायकलचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर आहे. ब्रेक लागल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असे धरले, तर ती १० मीटर अंतर जाऊन थांबेल. आता वेग दुप्पट करा, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. थांबण्याचे अंतर २० मीटर होईल असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ते ४० मीटर होते. वेग दुप्पट, अंतर चौपट. महामार्गावर अचानक गुरे आडवी आली की ३० मीटरच्या या फरकाचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज नाही. गुरुत्वाकर्षणात हेच उलट दिशेने घडते. दोन वस्तूंमधील अंतर दुप्पट केल्यास त्यांच्यातील ओढ चौथा हिस्सा उरते. 'दुप्पट केल्यास काय होईल?' हा प्रश्न प्रत्येक सूत्राला विचारण्याची सवय लागली की अर्धे भौतिकशास्त्र सोपे होते.

तिसरी पायरी : दहाचे घात

भौतिकशास्त्रातील संख्या एक तर फार मोठ्या असतात, नाही तर फार लहान. पृथ्वीचे वस्तुमान लिहिण्यासाठी ६ या अंकापुढे २४ शून्ये द्यावी लागतात. ती मोजत बसण्याऐवजी '६ गुणिले १० चा २४ वा घात' असे लिहितात. नियम दोनच आहेत : गुणाकारात घातांकांची बेरीज करावी आणि भागाकारात वजाबाकी.

खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन सुटले की आपल्याकडे 'क्युसेक' आणि 'टीएमसी' हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८.३ लिटर. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, अर्थात १० चा ९ वा घात घनफूट. मग १,००० क्युसेकने पाणी सोडल्यास एक टीएमसी पाणी जाण्यास किती काळ लागेल? १,००० म्हणजे १० चा ३ रा घात. नवातून तीन वजा केले की सहा उरतात, म्हणजे १० चा ६ वा घात, दहा लाख सेकंद. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. भागाकार केला की सुमारे साडेअकरा दिवस येतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. त्या वेगाने ती रिकामी होण्यास अकरा महिने लागतील. वर्तमानपत्रातील बातमी या गणिताने बोलू लागते.

याच रीतीने दहावीच्या विज्ञानातील एक सुंदर गणित सुटते. मुले 'मोठा जी' आणि 'लहान जी' म्हणतात, त्यांतील मोठा जी म्हणजे गुरुत्वस्थिरांक. तो ६.६७ गुणिले १० चा उणे ११ वा घात इतका आहे. त्यास पृथ्वीच्या वस्तुमानाने गुणावे आणि पृथ्वीच्या त्रिज्येच्या वर्गाने भागावे. त्रिज्या ६.४ गुणिले १० चा ६ वा घात मीटर आहे. प्रथम साध्या संख्या घेऊ : ६.६७ गुणिले ६ म्हणजे ४०.०२, ६.४ चा वर्ग ४०.९६; भागाकार ०.९७७. आता घातांक : उणे ११ अधिक २४ म्हणजे १३, त्यातून १२ वजा केले की १. म्हणून उत्तर ९.७७ येते. आंबा झाडावरून पडतो तेव्हा त्याचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, ते हे उत्तर आहे. साध्या संख्या एकीकडे आणि घात दुसरीकडे ठेवले की भीती उरत नाही.

चौथी पायरी : समीकरणातून हवी ती राशी काढणे

नववीतील गतीचे पहिले समीकरण असे आहे : अंतिम वेग बरोबर सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले काळ. पुस्तकात ते व्ही, यू, ए, टी या अक्षरांत असते. परीक्षेत मात्र अंतिम वेग देऊन काळ विचारतात आणि पाठांतर तेथे संपते.

मुलांना 'पद पलीकडे गेले की चिन्ह बदलते' असा मंत्र दिलेला असतो. त्यातूनच 'दोन क्ष बरोबर सहा, म्हणून क्ष बरोबर सहा वजा दोन' अशी चूक होते. मंत्रापेक्षा तागडी डोळ्यांसमोर आणावी. दोन्ही पारडी समतोल आहेत. एका पारड्यावर जे कराल तेच दुसऱ्यावर करा. वरील समीकरणात दोन्ही बाजूंतून सुरुवातीचा वेग वजा करावा आणि मग दोन्ही बाजूंस त्वरणाने भागावे, म्हणजे काळ एकटा उरतो. एखाद्या एस.टी. गाडीचा वेग सेकंदाला १० मीटरवरून २० मीटर झाला आणि त्वरण २ असेल, तर २० वजा १० म्हणजे १०, भागिले २, म्हणून काळ ५ सेकंद. आधी अक्षरांत मांडणी पूर्ण करावी आणि संख्या सर्वांत शेवटी घालाव्यात, ही सवय बारावीपर्यंत उपयोगी पडते.

पाचवी पायरी : आलेख वाचणे

आलेख काढणे मुलांना येते; वाचणे येत नाही. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांची धाव आलेखावर मांडतात, हे दौंडसारख्या जंक्शनच्या मुलखात सांगणे सोपे आहे. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर अंतर. रेषा जितकी उभी, तितकी गाडी वेगात. रेषा आडवी झाली की गाडी स्थानकात उभी. या उभेपणालाच गणितात 'चढ' म्हणतात. दौंड ते पुणे हे सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर एखाद्या गाडीने सव्वा तासात कापले, तर आलेखाच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेचा चढ ताशी ६० किलोमीटर येतो. हीच तिची सरासरी चाल.

उभ्या अक्षावर वेग घेतला की रेषेखालील क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. गाडी सेकंदाला २० मीटर या एकसारख्या वेगाने १० सेकंद धावली तर आलेखाखाली आयत होतो आणि अंतर २०० मीटर येते. तीच गाडी शून्यापासून सुरू होऊन १० सेकंदांत त्या वेगास पोहोचली तर आयताऐवजी त्रिकोण होतो, आणि अंतर १०० मीटर येते. गतीच्या दुसऱ्या समीकरणात 'एक द्वितीयांश' कोठून आला, असा प्रश्न अनेक मुलांच्या मनात असतो, पण ती तो विचारीत नाहीत. तो या त्रिकोणातून आला. पुढे कलनशास्त्रात जे येते ते चढ आणि क्षेत्रफळ या दोन कल्पनांचाच विस्तार आहे. येथे पाया पक्का असेल तर त्या शब्दाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

सहावी पायरी : काटकोन त्रिकोण

ट्रकमध्ये जड पिंप चढविताना हमाल तिरपी फळी लावतात. फळी ४ मीटर लांब आणि ट्रकची उंची १ मीटर असेल, तर उंची भागिले फळीची लांबी हे गुणोत्तर एक चतुर्थांश येते. त्रिकोणमितीत यालाच त्या कोनाचे 'साइन' म्हणतात. घर्षण सोडून दिल्यास २०० किलोचे पिंप ढकलण्यास ५० किलो वजन पेलण्याइतकेच बल पुरते. मात्र १ मीटरऐवजी ४ मीटर ढकलावे लागते. बल चौथा हिस्सा, अंतर चौपट, कार्य तेवढेच. साइन म्हणजे पाठ करावयाचा तक्ता नसून फळीच्या तिरपेपणाचे माप आहे, हे येथे मुलास उमगते.

दिशा असलेल्या राशी, म्हणजे सदिश, यांची बेरीजही याच त्रिकोणावर उभी आहे. भीमेच्या पात्रात होडी ताशी ४ किलोमीटर वेगाने सरळ पैलतीराकडे वल्हविली आणि प्रवाह ताशी ३ किलोमीटरचा असला, तर होडीचा प्रत्यक्ष वेग ७ नव्हे, ५ असतो, कारण ३ आणि ४ यांच्या वर्गांची बेरीज २५ आणि तिचे वर्गमूळ ५. पायथागोरसचे प्रमेय भूमितीच्या वहीतून असे नदीच्या पात्रात उतरते.

सातवी पायरी : अंदाज आणि लॉग टेबल

राज्य मंडळाच्या बारावी भौतिकशास्त्राच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. लॉग टेबल चालते. लॉगॅरिदमची रीत जॉन नेपिअर यांनी १६१४ साली प्रसिद्ध केली. तिचा उपयोग एका वाक्यात सांगता येतो : गुणाकाराची बेरीज होते. २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१, बेरीज ०.७७८१, आणि हाच ६ चा लॉग. हे टेबल प्रथमच परीक्षेच्या महिन्यात उघडणाऱ्याची तारांबळ उडते. सुट्टीतच त्याच्याशी ओळख करून घ्यावी.

टेबल उघडण्यापूर्वी उत्तराचा अंदाज बांधावा. एस.टी.चा वेग सेकंदाला २,००० मीटर आला तर तो आकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. तसेच पट्टीने मिलिमीटरपर्यंत मोजलेल्या लांबीच्या भागाकारात दशांशचिन्हापुढे आठ अंक लिहिणे म्हणजे जे मोजलेच नाही ते सांगणे होय.

शाखा निवडताना दोन गोष्टी

पहिली गोष्ट गणित सोडण्याविषयी. डॉक्टर व्हावयाचे म्हणून काही मुले अकरावीत जीवशास्त्र घेतात आणि गणित सोडतात. गणित विषय सुटतो. भौतिकशास्त्रातील गणित सुटत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२० पैकी १८० गुण भौतिकशास्त्राचे असतात आणि तेथेही कॅल्क्युलेटर नसतो. २०१९ साली आलेल्या राज्य मंडळाच्या अकरावी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पहिले प्रकरण एकके व मापनाचे, तर दुसरे गणितीय पद्धतींचे आहे. म्हणजे गणिताची ही तयारी पुस्तकानेच सर्वांसाठी आवश्यक मानली आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातील मुलास अकरावीत तेच ज्ञान इंग्रजी नावाने भेटते. विस्थापन डिस्प्लेसमेंट होते, त्वरण ॲक्सेलरेशन, संवेग मोमेंटम, चढ स्लोप, गुणोत्तर रेशो, सदिश व्हेक्टर. कल्पना तीच, नाव नवे. अशा शंभरेक शब्दांची जोडवही सुट्टीत तयार केल्यास पहिल्या महिन्यातील गोंधळ पुष्कळ कमी होतो. मराठीत नीट समजलेली गोष्ट इंग्रजीत लवकर ओळखू येते.

गणिताच्या वाटेने भौतिकशास्त्रात गेलेल्या एका मोठ्या माणसाचे नाव येथे घेणे उचित ठरेल. मेघनाद साहा यांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळील एका खेड्यात, गरीब दुकानदाराच्या घरी झाला. जातीमुळे होणारी अवहेलना त्यांनी वसतिगृहातही सोसली. त्यांची पदव्युत्तर पदवी गणिताची होती. भौतिकशास्त्र त्यांनी नंतर आत्मसात केले. १९२० साली त्यांनी मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांच्या तापमानाचा आणि घडणीचा उलगडा करणे शक्य झाले.

स्वतःची परीक्षा

पुढील पाच प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन सोडवावेत. पालकांनी मुलांसोबत बसावे. उत्तरे येत नसली तरी बसावे.

१. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर?
२. प्रकाशाचा वेग ३ गुणिले १० चा ८ वा घात मीटर प्रतिसेकंद आणि सूर्याचे अंतर १.५ गुणिले १० चा ११ वा घात मीटर. प्रकाश पृथ्वीवर किती वेळात पोहोचतो?
३. विहिरीत सोडलेला दगड २ सेकंदांनी पाण्यावर आदळला. गुरुत्व त्वरण १० धरल्यास पाणी किती खोल आहे?
४. ५ मीटर लांब फळीने १ मीटर उंचीवर १५० किलोचे पिंप चढवावयाचे आहे. घर्षण नसल्यास किती किलो वजन पेलण्याइतके बल लागेल?
५. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या सर्वांच्या वर्तुळाकार तोंडांचे एकूण क्षेत्रफळ किती एकर? एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर धरावे.

उत्तरे अशी : १५ मीटर, ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद, २० मीटर, ३० किलो, सुमारे पावणेबारा एकर. पाचपैकी तीन उत्तरे स्वतःच्या बळावर आली तर विज्ञान शाखेस बिचकण्याचे कारण नाही. एकही न आल्यासही नाही, कारण कोणती पायरी गाळली गेली हे त्या न सुटलेल्या प्रश्नानेच दाखवून दिलेले असते.

आपण काय करावे

पालकांस आमची विनंती आहे की दहावीची परीक्षा संपल्यावर मुलास दोन महिने मोकळे सोडू नये आणि महागड्या शिकवणीच्या जाहिरातीसही घाईने भुलू नये. सात पायऱ्या, प्रत्येकीस एक आठवडा आणि शेवटचा आठवडा उजळणीसाठी, रोज एक तास : एवढे पुरेसे आहे. सातवी ते दहावीची गणिताची जुनी पुस्तके रद्दीत घालू नयेत. हीच त्या दोन महिन्यांची पाठ्यपुस्तके होत.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज अभियंते, परिचारिका, तंत्रज्ञ, शिक्षक आहेत, त्यांच्याकडे या शाळेचे एक मागणे आहे. देणगी आपण देताच. आता उन्हाळ्यात आठवड्यातील एक तास द्यावा. आपण ज्या बाकांवर बसलात तेथे आज बसलेल्या मुलांना एकेक पायरी शिकवावी. शिक्षकाने शिकविलेले गणित आणि याच वसतिगृहात जेवून मोठ्या झालेल्या ताई-दादाने शिकविलेले गणित यांत मुलाच्या दृष्टीने मोठा फरक असतो. दुसऱ्यात त्यास उत्तराबरोबर पुरावाही मिळतो.

आणि अकरावीसाठी मूल पुण्याला किंवा दौंडला निघेल तेव्हा त्याच्या पेटीत कपड्यांबरोबर लॉग टेबल, आलेखवही, पट्टी आणि शब्दांची जोडवही घालावी. या चार वस्तूंचा खर्च फार नाही, आणि त्यांचा उपयोग पहिल्या आठवड्यापासूनच सुरू होतो.